साडूच्या सावलीतल्या पेट्या

तर काल आपण गुणगुण्याला शिडीवरच सोडून उठलो होतो. जेवायची हाक आली, सगळे आत पळाले, आणि तो बिचारा वरच राहिला. चला, आधी त्याला खाली उतरवू, मग पुढचं.

तर बघा, चष्मेवाल्याच्या दुकानावर पाटी म्हणून पत्र्याचा भलामोठा चष्मा टांगलेला. त्या चष्म्याच्या डाव्या काचेला मधमाश्यांचा घोस लटकलेला, चांगला घागरीएवढा आणि हलता. खाली अख्खी गल्ली जमलेली. शिडीवर गुणगुण्या, खांद्यावर रिकामी पेटी, डोक्यावर जाळीची टोपी आणि टोपीच्या आत वैतागलेलं तोंड. माश्यांचा त्याला कधीच त्रास झाला नाही. त्रास व्हायचा तो खालच्या माणसांचा.

"अहो, रॉकेल शिंपडा वरून, आत्ता काम होतंय!"

"पाण्याचा पाइप आणू का, काका?"

"मध किती निघेल हो? मी पातेलं घेऊनच आलेय."

हे शेवटचं बोलणारी बाई खरंच पातेलं घेऊन आली होती, तेही घासून पुसून. गुणगुण्या वरून म्हणाला, "बाई, यांच्याकडं मध नाही. या जुनं घर सोडून नवं शोधायला निघाल्यात. घर बदलताना तुम्ही भरलेलं कपाट डोक्यावर घेऊन हिंडता का?"

"मग काय उपयोग यांचा?" असं म्हणून बाईनं पातेलं पालथं केलं आणि निघून गेली.

चष्मेवाला दारातून मान बाहेर काढून ओरडला, "काका, जरा लवकर! गिऱ्हाईक घाबरतंय आत यायला."

"तुझ्याकडं येणाऱ्याला नीट दिसत नाही म्हणून तर येतो ना तो? मग घाबरतोय कशाला?"

गल्ली हसली. गुणगुण्या मात्र हसला नाही. त्यानं पेटी खाली धरली, पत्र्याच्या चष्म्याला एक हिसडा दिला, आणि सगळा घोस धप्पकन आत. राणी आत पडली की बाकीच्या माश्या मुंग्यांसारख्या रांगेनं चालत आत जातात, त्यांना हाकलावं लागत नाही. पण काही माश्या घर शोधायला लांब गेलेल्या असतात. त्या दिवस मावळताना परत येतात. तोवर पेटी तिथंच ठेवायची आणि माणसानं राखण करायची, नाहीतर कुणीतरी शहाणा काडी घालून बघतोच. त्यामुळं गुणगुण्या दिवसभर चष्म्याच्या दुकानाबाहेर खोक्यावर बसून राहिला. फोन घरी विसरलेला. आणि तो फोन घरी राहिला म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

आता हा गुणगुण्या कोण, ते सांगतो. पेटी उघडताना तो नाकातल्या नाकात गुणगुणायचा, म्हणून पाठीमागं हे नाव. तोंडावर लोक 'मधकाका' म्हणत, आणि त्याचा त्याला जास्त राग. "दूधवाल्याला लोक दूधकाका म्हणतात का? मग मलाच का? आणि मी काय मध विकायला जन्मलोय?" असं तो म्हणायचा. विकायचा मात्र मधच, कारण दुसरं काही कुणी घेत नव्हतं. माश्या जे खरं काम करत, ते दुकानात मांडता येत नाही.

आधी तो टेलिफोनच्या तारा जोडायच्या नोकरीत होता. खांबावर चढायचं, लोखंडी डबा उघडायचा, तारा बघायच्या. अशा डब्यांत माश्या घर करायच्या. बाकीचे सोबती पेटता बोळा आत टाकून मोकळे व्हायचे. याला एकदा ते बघवलं नाही, म्हणून त्यानं अख्खं पोळं डब्यासकट घरी आणलं. बायकोनं दार उघडलं, डब्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खाऊ आणलात?" डबा गुणगुणायला लागल्यावर ती जी मागल्या दारानं शेजारी गेली, ती संध्याकाळीच परतली. तिथून या संसारात माश्या आल्या.

पण माश्यांना जागा लागते, आणि जागेपायी गुणगुण्याच्या नाकी नऊ आले. आधी पेट्या गच्चीवर होत्या. शेजारणींच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पिवळे ठिपके पडायला लागले. माश्या उडता उडता घाण करतात, त्याला इलाज नाही. रोज भांडण. मग शाळेच्या मागच्या रिकाम्या जागेत नेल्या. तिथल्या मोठ्या बाईंना माश्या आवडायच्या, त्या मुलांना दाखवायच्या. बाईंची बदली झाली, नवे सर आले, आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे काय आहे? उचला." मग पाण्याच्या टाकीमागं. तिथं डासांचं औषध मारणारे आले आणि डासांआधी माश्याच मेल्या. जिथं जावं तिथं एकच. मध सगळ्यांना हवा, माश्या कुणालाच नकोत.

शेवटी उरला साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गावाबाहेर ओढ्याकाठी त्याचं कलिंगडाचं शेत. शेताच्या तोंडाशी, रस्त्यालगत एक मोठं झाड, आणि खाली गार सावली. मेव्हणीनं शब्द टाकला म्हणून साडूनं ती जागा दिली. पण देताना चेहरा असा केला, जणू घरातली सून गहाण टाकतोय.

पेट्या तिथं गेल्या त्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, आता ऐका. ही शेवटची जागा. तुमचे गुडघे कुरकुरतात, लेक तिकडं बोलवून बोलवून थकली. ही जागा पण गेली तर पेट्या विकत मागणाऱ्या त्या व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या आणि लेकीकडं जायचं. द्या शब्द."

गुणगुण्यानं शब्द दिला. देताना त्याला वाटलं, साडू नात्यातला आहे, कुठं जाणार जागा?

साडू माणूस वाईट नव्हता, बरं का. कष्टाळू, चोख, शेतात एक गवताची काडी उभी राहू द्यायचा नाही. तिथंच तर खटका होता. ओढ्याकाठची झुडपं त्यानं साफ जाळून टाकली, बांधावरचं रानगवत काढलं, भेगा पडलेल्या जुन्या भिंतीला गिलावा केला. गुणगुण्यानं डोक्याला हात लावला. "अरे, त्या झुडपांत रानमाश्या होत्या, भिंतीच्या भेगांत एकट्या राहणाऱ्या माश्या होत्या. झुडपांना फळं धरायची, पाखरं खायची, बी लांब टाकायची. ओढ्याची दरड त्या मुळ्यांनी धरून ठेवली होती. आता दरडही जाईल आणि पाखरंही."

"साडूभाऊ, तुम्ही पेट्या सांभाळा, शेत मी सांभाळतो. माश्या काय, कुठूनही येतात."

हे 'कुठूनही येतात' ऐकलं की गुणगुण्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. एकदा तर साडूनं भर सकाळी फुलांवर औषध फवारलं. दुपारी पेट्यांसमोर माश्या पाय झाडत पडलेल्या. गुणगुण्यानं त्या वर्तमानपत्रावर गोळा केल्या, घरात नेल्या आणि साडूच्या चहाच्या कपाशेजारी कागद उलगडून ठेवला. साडूनं चहा तसाच ठेवला. तेव्हापासून फवारणी दिवस मावळल्यावर व्हायला लागली. पण "तुमच्या माश्यांचे लाड" म्हणून टोमणा काही थांबला नाही.

आता परत चष्म्याच्या दुकानाशी येऊ. गुणगुण्या तिकडं खोक्यावर बसलेला, आणि इकडं त्याच्या घरी साडूचा फोन.

"ताई, साडूभाऊ आहेत का? उद्या सकाळी होणारे व्याही जेवायला येतायत. शेत बघायचं म्हणतात. झाडाखाली टेबलं मांडायचीत. पेट्या हलवायला हव्यात."

बायको म्हणाली, "ते चष्म्यावर बसलेत."

"कशावर?"

"मोठी गोष्ट आहे. आल्यावर सांगते त्यांना."

साडूला थांबायला वेळ नव्हता. शिवाय पेट्या कशा हलवायच्या, हे त्याला ठाऊक होतं. टाकीमागून पेट्या आणल्या तेव्हा तो मदतीला होताच. तेव्हा गुणगुण्यानं त्याला सांगितलेलं, की माश्या दिवस मावळल्यावर घरी येतात, मग पेटीचं दार ओल्या बोळ्यानं बंद करायचं, पहाटे उजाडायच्या आत हलवायचं, आणि धक्का लागू द्यायचा नाही. साडूनं अगदी तस्संच केलं. संध्याकाळी दारं बंद केली. पहाटे ढकलगाडीवर गोधड्या अंथरल्या, पेट्या बाळासारख्या उचलल्या आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी नीट रांगेत मांडल्या. मग बोळे काढले. एक माशी चावली नाही. साडू स्वतःवर इतका खूष झाला, की बायकोला हाक मारून रांग दाखवली.

चूक एकच झाली, आणि ती चूक बाहेरचा माणूस करूच शकला नसता. ज्याला निम्मं शिकवलंय, त्याच्याच हातून ती होते. मधमाशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. हे झाड, हा रस्ता, हे वळण, इथं माझं दार, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पेटी हलवायची तर रोज हातभर सरकवा, नाहीतर इतकी लांब न्या, की तिला ओळखीचं काहीच दिसू नये. मग ती सगळं नव्यानं शिकते. मधल्यामध्ये, एकाच शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला नेली, तर माशी विहिरीपासून उडते, फुलांवर जाते आणि घरी म्हणून थेट जुन्याच झाडाखाली येते. हे मात्र गुणगुण्यानं साडूला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी तो टाकीमागच्या मेलेल्या माश्यांच्या दुःखात होता. साडूनं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही.

सकाळी गुणगुण्या स्कूटरवरून निघाला. चष्म्यावरचा थवा आता पेटीत, पेटी बायकोच्या मांडीवर. बायकोला बहिणीच्या मदतीला जायचं होतं, म्हणून ती नवी साडी नेसलेली. त्या साडीच्या नादात पेट्या हलवायचा साडूचा निरोप मात्र ती साफ विसरली होती. वाटेत दर खड्ड्याला ती म्हणायची, "अहो, या आतून बोलतायत," आणि तो म्हणायचा, "तू नको बोलूस, म्हणजे गप्प बसतील."

शेताच्या तोंडाशी स्कूटर थांबली. झाडाखाली पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं. खुर्च्या. सरबताचा जग. व्याही म्हणजे पोट सुटलेले, गंभीर, घसा खाकरून बोलणारे गृहस्थ, नेमके मोठ्या पेटीच्या जागी बसलेले. शेजारी विहीणबाई, होणारा जावई आणि दोन-तीन नातेवाईक. पेट्या नाहीत. आणि शेताकडून पहिल्या फेरीच्या माश्या परत यायला लागलेल्या.

"पेट्या कुठायत?" गुणगुण्या स्कूटरवरूनच ओरडला.

साडू हसत हसत पुढं आला. "या या, साडूभाऊ! ठेवल्यात नीट विहिरीपाशी. तुम्ही शिकवलं तश्शाच."

"मेलो!" गुणगुण्या म्हणाला.

व्याही दचकून म्हणाले, "कोण मेलं?"

तोवर व्याह्यांच्या खुर्चीभोवती माश्या घिरट्या घालायला लागल्या. चावायला नव्हत्या आल्या हो. बिचाऱ्या घराचं दार शोधत होत्या. दार सापडेना म्हणून खुर्चीच्या पायाला, पाठीला, मग व्याह्यांच्या कोटाला चिकटायला लागल्या. मागून आणखी आल्या. सरबताच्या जगावर बसल्या. विहीणबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. होणारा जावई उठला आणि सरळ गाडीत जाऊन बसला, काचा वर.

"हलू नका! हात हलवू नका!" गुणगुण्या ओरडला.

आता ज्याला हलू नका म्हणाल, तो हलल्याशिवाय राहतो का? व्याह्यांनी नाकावरची माशी चापटीनं मारली आणि तिनं जाता जाता आपलं काम केलं. व्याह्यांचं नाक बघता बघता वांग्यासारखं झालं.

पुढचा तास कसा गेला, ते गुणगुण्याला नंतर नीट आठवेना. ढकलगाडी घेऊन तो आणि साडू विहिरीकडं धावले, पेट्या उचलल्या, भर उन्हात परत झाडाखाली. मंडळी घरात पळाली. टेबलं ओढली, खुर्च्या ढकलल्या, जिथल्या तिथं पेट्या ठेवल्या. मग हळूहळू माश्या आपापल्या दारातून आत शिरल्या. बायकोनं चष्म्यावरची पेटी बाजूला ठेवली आणि नव्या साडीचा पदर कमरेला खोचून व्याह्यांच्या खुर्चीवरच्या माश्या पेटीपुढं झटकल्या. ती माश्यांना हात लावत नसे कधी. त्या दिवशी लावला.

जेवणं घरात झाली. व्याही एका नाकपुडीनं श्वास घेत जेवले. विहीणबाई मेव्हणीला म्हणाल्या, "तुमच्याकडं पाहुण्यांचं स्वागत नेहमी असंच होतं का?" बोलल्या हसून, पण साडूचा चेहरा पडला तो पडलाच. मंडळी गाडीत बसली, धूळ खाली बसली, आणि साडू वळला.

"पेट्या उद्या सकाळी इथं दिसता कामा नयेत."

"अरे, शेत ऐन फुलावर आहे तुझं!"

"असू दे. माझ्या पोरीचं लग्न मोडता मोडता राहिलं."

"कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? मला विचारायचं होतंस!"

"विचारायला फोन केला होता. तुम्ही चष्म्यावर होतात! आणि शिकवलं कुणी? दारं बंद कर, पहाटे हलव, धक्का लावू नको. चुकलं का यात काही? सांगा, कुठं चुकलो मी?"

निम्मी चूक आपली आहे, हे गुणगुण्याला दिसत होतं. म्हणूनच तर त्याचा जास्त तिळपापड झाला. सगळी चूक दुसऱ्याची असली, तर माणूस सुखानं ओरडतो तरी.

मेव्हणी मध्ये पडली. "भावोजी, दोन दिवस जाऊ द्या, मी समजावते यांना."

"नको समजावूस," गुणगुण्या म्हणाला. "माश्या कुठूनही येतात म्हणतो ना हा? येऊ देत कुठूनही."

संध्याकाळी दारं बंद झाली. पहाटे टेम्पोत भरून पेट्या निघाल्या त्या पार लांब, डोंगरापलीकडं. तिथं दगडाची खाण होती. खाणीचा मालक टेलिफोनच्या नोकरीतला जुना ओळखीचा. तो म्हणाला, "ठेव, मला काय करायच्यात?" जागा फुकट मिळाली, पण कसली जागा! झाडांवर दगडाची भुकटी, फुलाचं नाव नाही. माश्या बाहेर जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. गुणगुण्या रोज स्कूटरवरून जाऊन पेट्यांत साखरेचं पाणी ठेवायचा आणि ठेवता ठेवता स्वतःशी चिडायचा. ऐन मोसमात, तिकडं शेतभर फुलं उघडत असताना, इकडं माश्यांना साखर पाजायची! जेवणाचं ताट समोर वाढलंय आणि माणसाला सलाईन लावलंय, तसं.

घरी बायको शब्दाची आठवण करून द्यायची. "व्यापारी महिन्याभरानं येतोय. बोलून घेतलंय मी. लेकीला पण कळवलंय."

"बरं केलंस."

"तुम्हाला राग आलाय का?"

"नाही."

"मग जेवत का नाही?"

यावर तो उठून हात धुवायचा.

इकडं शेतात काय झालं, ते ऐका. कलिंगडाच्या मादीफुलाखाली वाटाण्याएवढं इवलंसं कलिंगड आधीपासूनच असतं. ते फूल सकाळी उघडतं, ऊन चढलं की मिटतं, आणि पुन्हा कधी उघडत नाही. तेवढ्या वेळात माशीनं नरफुलाची पिवळी भुकटी आणून त्याला लावायची, तीही एकदा नाही, पुन्हा पुन्हा येऊन. नाही आली, तर ते इवलंसं कलिंगड पिवळं पडून गळतं. थोडक्या वेळा आली, तर फळ धरतं, पण एकाच बाजूनं फुगतं.

साडूच्या शेतात वाटाण्याएवढी कलिंगडं गळायला लागली. साडूनं आधी बियाण्याला शिव्या दिल्या, मग खताला, मग हवेला. औषधवाल्यानं त्याला 'फळ धरायची' बाटली दिली. ती मारली, काही झालं नाही. मग मेव्हणीनं मनावर घेतलं. ती सकाळी उठून शेतात जायची, नरफुलं तोडायची आणि एकेका मादीफुलाला हातानं लावत जायची. वाकून. ऊन चढेपर्यंत. महिनाभर एकटीनं रेटलं, आणि मग तिनं आपल्या बहिणीला हाक मारली.

बायको एका सकाळी गेली. दुपारी परत आली ती कमरेवर हात ठेवून, भिंत धरत. पलंगावर पडली. गुणगुण्या शेकायला पिशवी घेऊन आला, तर छताकडं बघत म्हणाली, "अहो, एक ओळसुद्धा झाली नाही हो. आम्ही दोघी होतो. फुलं आमच्या डोळ्यांदेखत मिटत गेली."

"हं."

"आणि तुमच्या त्या माश्या हे सगळ्या शेताचं करत होत्या? रोज?"

"नुसतं शेताचं नाही," गुणगुण्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो आता कुणावर आहे, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "पलीकडच्या भोपळ्यांचं, रस्त्याकडच्या आंब्यांचं, ओढ्यात राहिलीत त्या चार झुडपांचं, कुणाच्या कुंडीतल्या मिरचीचं. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी विचारत नाही. ज्याला त्याला फक्त मध दिसतो."

व्यापाऱ्याचं नाव बायकोनं त्या दिवशी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी, व्यापारी यायच्या आदल्याच दिवशी, साडू दारात उभा. हातात पिशवी. बहिणीच्या घरी जाताना माणूस फळ घेऊन जातो, तसं वाटलं बायकोला. साडूनं पिशवीतून कलिंगड काढलं आणि टेबलावर ठेवलं. कलिंगड कसलं, एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं आत गेलेलं, गालगुंड झाल्यासारखं. ते टेबलावर सरळ उभं राहीना, एका अंगाला कलंडलं.

"सुरी द्या, ताई."

त्यानं ते कापलं. एक बाजू लाल. दुसरी पांढरी, कडक, बिया नुसती टरफलं.

"गोड आहे का?" गुणगुण्यानं विचारलं.

"लाल बाजू गोड आहे."

"मग लाल बाजूच वीक बाजारात. पांढरी गायीला घाल."

"टोमणे मारू नका, साडूभाऊ. मी चांगलं बोलायला आलोय." साडू खुर्चीत बसला, पण टेकला नाही. "वेलींना अजून दुसरी फुलं येतायत. निम्मं पीक तरी हाताला लागेल. व्याह्यांचंही कळलं. नाक बरं झालं. लग्न ठरलंय. विहीणबाई सगळ्यांना हाच किस्सा सांगत सुटल्यात म्हणे, हसून हसून."

"मला आनंद आहे."

"तुमच्या तोंडावर दिसत नाही तो."

"माझ्या तोंडावर तुझी पांढरी बाजू दिसतेय. अरे, इतकं सांगत होतो तेव्हा ऐकायला काय झालं होतं?"

"तुम्ही सांगता कुठं? तुम्ही ओरडता! नाहीतर मेलेल्या माश्या चहाशेजारी आणून ठेवता. नीट बसून एकदा तरी सांगितलंत का, की पेटी किती लांब न्यायची ते?"

बायको पटकन म्हणाली, "हे मात्र खरं आहे हं. मलाही कधी सांगत नाहीत."

"तू पण त्याच्या बाजूनं?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही. माझी कंबर दुखतेय, मी कमरेच्या बाजूनं आहे."

साडूला हसू आलं. गुणगुण्याला आलं नाही. तो खिडकीशी गेला, परत आला, कलिंगडाची पांढरी फोड उचलून बघितली, खाली ठेवली. बायको त्याच्याकडं टक लावून बघत होती. तिनं लेकीला काय कळवलंय, व्यापारी उद्या येणार आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. साडूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला घाई होती, कारण उन्हं चढत होती आणि शेतात आणखी एका सकाळची फुलं मिटत होती.

"मग?" साडू उठत म्हणाला. "आणताय ना पेट्या? झाडाखालची जागा तुमचीच, पाहुण्यांना मी ओसरीत बसवेन. फवारणी संध्याकाळी. आणखी काय हवं ते बोला. की नाहीच आणणार? तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मी पेट्यांसाठी दुसरा माणूस बघतो."

गुणगुण्या म्हणाला, "बघ की दुसरा माणूस, जरूर बघ, आणि सापडला तर आधी माझ्याकडं घेऊन ये, माझ्या सगळ्या पेट्या त्याच्या गळ्यात बांधतो आणि आजच्या गाडीनं लेकीकडं जातो, पण तो मिळेपर्यंत उद्या पहाटे टेम्पो घेऊन खाणीवर ये, आणि उद्या पेट्या विकत घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला माझ्या वतीनं तूच नाही म्हणून सांग, कारण माझी मेली अडचणच ही आहे, की फुलं तुझ्या शेतात आहेत!"